वाघ गुगलवरचा नको, आपला काढा

एक काम करा. मोबाइलवर वाघाचं चित्र शोधा. काळीकुट्ट पार्श्वभूमी, मधोमध वाघाचा चेहरा, पिवळे डोळे थेट तुमच्यावर रोखलेले. आता तुमच्या वर्गात ‘भारी चित्रं काढतो’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या दोस्ताची वही उघडा. तिथंही तोच वाघ. पेन्सिल शेडिंग एकदम कडक, मिशीचा केस न केस मोजून काढलेला. इन्स्टावर टाकला की लाइक्सचा पाऊस!

मेहनत आहे, मान्य. पण तो वाघ कुठला? कुणीतरी कुठल्यातरी जंगलात काढलेल्या फोटोचा तो वाघ. मुंबईतल्या सोळाव्या मजल्यावरच्या पोरानं तो काढला तर समजू शकतो, त्याच्याकडे दुसरा वाघच नाही. पण सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरीच्या पोरापोरींनीही तोच काढावा?

आपल्याकडे वाघ हा वॉलपेपर नाही. धानाच्या बांधीवर सकाळी दिसणारा पंजा म्हणजे वाघ. ‘आज शेतावर एकटी जाऊ नको’ असं आई म्हणते, त्या वाक्यातही वाघ असतो. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. तरी मोह वेचायला आणि पत्ता तोडायला लोक दरवर्षी जातातच, कारण त्या पैशांवर घर चालतं. ज्या वाघाला बघायला लोक हजारो रुपये मोजून ताडोबात येतात, त्याच वाघाच्या भीतीनं गावात दिवस मावळला की दारं लागतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माहीत असलेला चित्रकार बाहेरून येणार नाही. तो इथूनच निघायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘पण आम्हाला शिकवणार कोण?’ हा प्रश्न लगेच येतो. म्हणून व्यंकटेश माडगूळकरांचं उदाहरण देते. तुम्ही त्यांना ‘बनगरवाडी’चे लेखक म्हणून ओळखता. ‘गीतरामायण’वाल्या गदिमांचे ते धाकटे भाऊ. जन्म 1927 चा, सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचा. शाळा अर्धवट सुटली, 1942 च्या चळवळीत उडी घेतली. कॉलेजची पायरी कधी चढले नाहीत. इंग्रजी पुस्तकं वाचायला शिकले तेही स्वतःच्या हिमतीवर. पुढे पुणे आकाशवाणीत नोकरी केली, 1983 मध्ये अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. पण या सगळ्यात त्यांचा चित्रं काढणारा हात कधी थांबला नाही. लिखाणासोबत रेखाटनं चालूच होती. माणसांची, झाडांची, जनावरांची.

मला त्यांच्या प्रवासातलं एक वळण फार महत्त्वाचं वाटतं. तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. बंदूक घेऊन ते रानात हिंडायचे. पुढे बंदूक मागे पडली आणि बघणं उरलं. आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात त्यांनी मुक्काम ठोकला आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक आलं. वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या मारामारीवर त्यांनी ‘सत्तांतर’ लिहिलं. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तसं बघायला गेलं तर त्यात नायक-नायिका कोण? वानरं! आपल्या कॉलेजच्या छपरावर जी रोज धिंगाणा घालतात, डबा पळवतात, तीच. आपण त्यांना हाकलतो. माडगूळकर त्यांच्याकडे बघत बसले. एवढाच फरक, पण सगळं काही त्याच फरकात आहे.

दुसरं उदाहरण रंगाचं आहे. जनगढ सिंह श्याम. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे, परधान गोंड समाजातले. हा समाज आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही आहे. बाना वाजवून गोंडांच्या देवांच्या, राजांच्या कथा गायच्या, हे परधानांचं पिढीजात काम. जनगढ यांची शाळा गरिबीमुळे सुटली. घरांच्या मातीच्या भिंतींवर ते चित्रं काढायचे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळचं भारत भवन उभं राहत होतं. तेव्हा चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी गावोगाव कलाकार शोधायला पाठवलेल्या तरुणांना ही चित्रं दिसली. जनगढ भोपाळला आले आणि पूर्वी गाण्यात असलेल्या कथा कागदावर उतरल्या. ठिपक्या-रेघांनी भरलेली हरणं, पक्षी, साप, वाघ. 1989 मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होती. त्यांच्या शैलीला आज ‘जनगढ कलम’ म्हणतात. त्यांचे पुतणे भज्जू श्याम यांनी सुरुवातीला भोपाळात रात्रीची चौकीदारी केली होती. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जनगढ यांचं हरीण फोटोसारखं दिसत नाही. तरी ते खरं वाटतं, कारण ते त्यांच्या घरातल्या कथेतून आलंय. माडगूळकरांचं वानर खरं वाटतं, कारण त्यामागे तासन्‌तास बघणं आहे. दोघांनाही कुणी हात धरून शिकवलं नाही. पण दोघांकडे स्वतःचं असं काहीतरी होतं. फोटोची नक्कल करून हात तयार होतो, हे खरं आहे. तो करायलाच हवा. पण नक्कल ही पाटी गिरवण्यासारखी असते. किती वर्षं पाटीच गिरवणार?

आणि ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाच्या फार प्रेमातही पडू नका. स्वामीनाथन यांच्या लोकांची नजर त्या भिंतीवर पडली नसती, तर जनगढ आपल्याला कळलेच नसते. कुणीतरी बघणारं, विचारणारं, पैसे देणारं लागतं. जनगढ यांचा शेवट तर चटका लावणारा आहे. 2001 मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात कामासाठी गेलेले असताना, घरापासून हजारो किलोमीटर लांब, त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते. कौतुक करणारे जगभर असले तरी कलाकाराची काळजी कोण घेतं, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे.

तो प्रश्न आपल्याही दारात आहे. सिंदेवाहीहून गाडीत बसून बल्लारशाहला उतरलात, तर स्टेशनच्या भिंतींवर ताडोबाचे वाघ भेटतात. 2018 मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्टेशनांना मिळून देशात पहिला क्रमांक मिळाला, 10 लाखांचं बक्षीसही. स्थानिक कलाकारांच्या हाताचा तो मान होता. आपण त्या भिंतींसमोर सेल्फी काढले. पण रंगवणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल? मलाही नाही. रिसॉर्टच्या भिंती, ग्रामपंचायतीच्या भिंती, शाळेच्या भिंती, सगळीकडे वाघ रंगवून हवा असतो. मग खाली चित्रकाराची सही असावी आणि रंगाच्या डब्यांबरोबर त्याची मजुरीही हिशेबात धरावी, एवढी मागणी करायला काय हरकत आहे? तुम्ही भिंत रंगवायला गेलात तर पैशांचं आधी बोला. त्यात लाजायचं काही नाही.

बाकी सुरुवात स्वस्तात होते. वीस रुपयांची वही आणि एक पेन. एकट्यानं जंगलात घुसण्याचा शहाणपणा मात्र नको. वाघ बघायला जाऊन चित्रकार होता येत नाही, जीव तेवढा जातो. घराच्या अंगणातून जेवढं दिसतं तेवढं आधी काढा. कौलांवरचं वानर, बांधीतला बगळा, बोडीच्या काठावरचा खंड्या, रात्री धान तुडवून गेलेल्या डुकरांच्या खुणा. रोज एक पान. पहिले दोन महिने वानर कुत्र्यासारखं दिसेल, दिसू द्या. पुढे रीतसर शिकावंसं वाटलं तर नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथं जाताना गुगलचा वाघ नेलात तर तसे शंभर जण रांगेत असतील. बगळ्या-वानरांनी भरलेली वही नेलीत तर रांगेत तुम्ही वेगळे दिसाल.

आणि हात बसला की एक चित्र नक्की काढा. पहाटेचं धुकं, पाठीवर तेंदूपत्त्याचं ओझं घेऊन वाकलेली बाई, आणि झाडीत कुठेतरी तो. चेहरा दिसलाच पाहिजे असं नाही. नुसता एखादा पट्टा पुरेल. आपल्याकडच्या माणसाला बाकीचं कळतं.