मतपेटीचें पंचगव्य

बड्या माणसानें पाप करावें आणि भटजीनें दक्षिणा घेऊन तें धुऊन द्यावें, हा व्यवहार आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांस नवा नाहीं. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें चहा घेतला म्हणून केवढें ग्रामण्य माजलें! फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली आणि रानड्यांसारख्या न्यायमूर्तीलाहि शेवटीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें. चहाच्या एका घोटासाठीं ही धांवपळ. पण घरांतल्या अनाथ विधवेस फसवून नामानिराळ्या राहिलेल्या गृहस्थासाठीं कोणी अशी पोथी उघडून बसल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

हाच व्यवहार समुद्रापलीकडे, अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत, निराळ्या पोषाखानें चाललेला आहे. तेथें पंचगव्याच्या जागीं टेलिव्हिजन आहे, भटजीच्या जागीं मुलाखत घेणारा आहे. दक्षिणा मात्र आहे तशीच आहे. बायकांच्या प्रकरणांत सांपडून पदावरून उतरलेला पुढारी दोन-चार वर्षें गप्प बसतो, मग कॅमेऱ्यापुढें येऊन "मी चुकलों" म्हणतो, आणि त्याच दमांत मतें मागतो. त्या एका शहरानें बारा वर्षांत असे तीन पुढारी पाहिले. त्यांची हकीकत आम्ही येथें देतों, कारण मताचा कागद तुमच्याहि हातांत आहे.

पहिला एलियट स्पिट्झर. हा आधीं न्यूयॉर्क राज्याचा मुख्य सरकारी वकील व २००७ पासून तेथील गव्हर्नर, म्हणजे राज्याचा मुख्य कारभारी. वॉल स्ट्रीटच्या मातबर पेढीवाल्यांस यानें कोर्टांत खेचलें. तें काम चांगलें होतें, तें आम्ही नाकारीत नाहीं. यानेंच वेश्याव्यवसाय चालविणाऱ्या टोळ्यांवर खटले भरले, आणि गव्हर्नर झाल्यावर अशा कायद्यावर सही केली कीं ज्यानें गिऱ्हाइकाची शिक्षा तीन महिन्यांवरून एक वर्षापर्यंत वाढली. मार्च २००८ मध्यें उघडकीस आलें कीं हा स्वतःच एका महागड्या कुंटणखान्याचा गिऱ्हाईक आहे. कोर्टाच्या कागदांत त्याचें नांव नव्हतें, "गिऱ्हाईक नंबर ९" एवढेंच होतें. त्यानें राजीनामा दिला. त्या वेळीं त्याची बायको शेजारीं उभी होती, एक शब्दहि न बोलतां. नवऱ्याच्या लाजेला बायकोचा पदर पांघरण्याची ही रीत अमेरिकेंतहि आहे, हें त्या दिवशीं सर्व जगानें पाहिलें.

पुढें काय झालें तें नीट ध्यानांत घ्या. तो धंदा चालविणारे व गांठी घालून देणारे असे चार जण पकडले गेले. चौघांनींहि गुन्हा कबूल केला आणि त्यांपैकीं दोघांच्या वांट्यास तुरुंग आला. गिऱ्हाईक नंबर ९ वर खटला भरावयाचा नाहीं, असें सरकारी वकिलांनीं नोव्हेंबर २००८ मध्यें जाहीर केलें. ज्यानें गिऱ्हाइकास वर्षाची शिक्षा लिहिली तो गिऱ्हाईक घरीं गेला, आणि पांच वर्षांनीं, जुलै २०१३ मध्यें, शहराच्या हिशेबनीसाच्या जागेसाठीं उभा राहिला! ही जागा लहान नव्हे. शिक्षक, पोलीस, आग विझविणारे, अशा नोकरमाणसांच्या पेन्शनीचे सुमारें १४ हजार कोटी डॉलर त्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं असत. उमेदवारी मिळविण्यास चार दिवसांत ३,७५० सह्या पाहिजे होत्या. बापाच्या इमारतींच्या धंद्यांतून आलेला पैसा जवळ होता. त्यानें रोजानें माणसें लावलीं आणि सह्यांचा ढीग घातला. सप्टेंबरांत पक्षांतर्गत मतदान झालें त्यांत तो हरला खरा, पण १०० मतांत ४८ मतें घेऊन हरला. पश्चात्तापास भांडवल असलें कीं तो किती लवकर फळास येतो पहा.

येथें आम्हांस ताराबाई शिंदे यांची आठवण होते. बुलढाण्याच्या या सत्यशोधक बाईनें १८८२ सालीं "स्त्रीपुरुषतुलना" छापली, ती सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून. त्या विधवेनें बदनामीच्या भयानें आपलें मूल मारलें म्हणून तिला फांशीची शिक्षा सुनावली गेली. पुढें ती कमी झाली. वर्तमानपत्रांनीं साऱ्या बायकांच्या नांवानें बोटें मोडलीं. त्या मुलाला बापहि असेल, ही गोष्ट कोणाच्या गांवीं नव्हती. ताराबाईंनीं पुरुषांस जो जाब विचारला, त्याचें उत्तर न्यूयॉर्ककरांकडेहि नाहीं आणि आमच्याकडेहि नाहीं.

दुसरा अँथनी वीनर, अमेरिकेच्या पार्लमेंटाचा सभासद. परक्या बायकांस स्वतःचीं नको तीं चित्रें पाठविलीं. तीं बाहेर पडतांच "कोणी चोरानें माझ्या नांवानें पाठविलीं" असें खोटें सांगितलें. खोटें उघडें पडल्यावर जून २०११ मध्यें राजीनामा दिला. दोन वर्षें होतात न होतात तोंच मेयरच्या जागेसाठीं उभा! शहर क्षमा करावयास निघालेंहि होतें, कांहीं चांचण्यांत तो पुढें होता. इतक्यांत कळलें कीं राजीनाम्यानंतरहि तो उद्योग चालूच होता. तेव्हां त्यास १०० त ५ मतेंहि मिळालीं नाहींत. २०१७ सालीं पंधरा वर्षांच्या मुलीस अश्लील मजकूर पाठविल्याबद्दल त्याला एकवीस महिन्यांचा तुरुंग झाला. २०२५ सालीं हाच गृहस्थ नगरसभेच्या जागेसाठीं पुन्हां मतें मागावयास आला व पडला. "लोक विसरतात" यावर अशा माणसांची केवढी श्रद्धा असते! वारकऱ्याची पंढरीवर नसेल एवढी.

सर्वच पडतात असें मात्र समजूं नका. साउथ कॅरोलिना राज्याचा गव्हर्नर मार्क सॅनफर्ड २००९ सालीं कित्येक दिवस नाहींसाच झाला. कचेरी सांगे, साहेब डोंगरांत पायीं फिरावयास गेले आहेत. साहेब अर्जेंटिनांत एका बाईकडे होते. मेंढक्यानें न सांगतां असा कळप सोडला असता तर त्याला पुन्हां कोणी चाकरीस ठेवलें असतें काय? सॅनफर्डनें सरकारी विमानें व निवडणुकीचा पैसा वापरल्याच्या आरोपांबद्दल ७४ हजार डॉलर दंड भरला, मुदत पुरी केली, आणि मे २०१३ मध्यें पार्लमेंटांत निवडूनहि आला.

तिसरा न्यूयॉर्कचाच अँड्र्यू कुओमो. बापहि गव्हर्नर, लेकहि गव्हर्नर. म्हणजे वतनच म्हणावयाचें. ऑगस्ट २०२१ मध्यें राज्याच्या मुख्य वकिलाच्या चौकशींत निष्कर्ष निघाला कीं त्यानें अकरा बायकांची छेड काढली, आणि त्यांत त्याच्याच हाताखालीं काम करणाऱ्या होत्या. त्यानें आरोप नाकारले, कोर्टानें त्यास दोषी ठरविलेलें नाहीं, हेंहि आम्ही सांगितलें पाहिजे. पण त्यानें पद सोडलें. आणि वकिलांच्या बिलांचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे कर भरणाऱ्या लोकांवर पडला. तक्रार करणाऱ्या एका बाईनें डिसेंबर २०२४ मध्यें आपला दावा मागें घेतला. त्याच्या वकिलांची मागणी तिच्या खाजगी वैद्यकीय कागदांपर्यंत पोंचली होती, असें तिचें म्हणणें होतें. आणि २०२५ सालीं मेयरच्या जागेसाठीं उभें राहतांना हा काय म्हणाला? राजीनामा दिला याचाच आपणास पस्तावा होतो! त्याच्यासाठीं धनिकांच्या एका कमिटीनें सुमारें अडीच कोटी डॉलर जमविले. त्यांत एकट्या माजी मेयर ब्लूमबर्गचेच ८० लाखांवर होते. जूनमध्यें झोहरान ममदानीनें पक्षांत हरविलें, तर हा स्वतंत्र उभा राहिला, आणि नोव्हेंबरांत पुन्हां हरला.

कोणी शहाणा म्हणेल, ही माणसाची खाजगी बाब आहे, तुम्ही कां नाक खुपसतां? दोन जाणतीं माणसें राजीखुषीनें काय करतात याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. दुसऱ्याच्या माजघरांत डोकावणें हा ग्रामण्य करणाऱ्यांचा धंदा, आमचा नव्हे. पण जिची भाकरी ज्याच्या हातीं, तिची राजीखुषी कसली? उसाच्या फडांत मुकादमाला नाहीं म्हणणाऱ्या बाईचें दुसऱ्या दिवशीं काय होतें, तें तुमच्या घरांतल्या बायका तुम्हांला सांगतील. गव्हर्नरची कचेरी हाहि एक फडच आहे.

दुसरा म्हणेल, चुकलेल्यास पुन्हां संधि द्यावी. अवश्य द्यावी! पण ती संधि गरिबास कोठें मिळते? आमच्या जातपंचायतींनीं जातीबाहेर लग्न केलें म्हणून घरेंच्या घरें वाळींत टाकलीं, पाणी तोडलें, मयतास खांदा नाकारला. शेवटीं महाराष्ट्रांत २०१६ सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आणि क्षमा करावयाची तरी कोणी? जिचा अपराध झाला ती एकीकडे, आणि माफी मागितली जाते मतदारांची! सत्यशोधक समाजानें १८७३ पासून सांगितलें कीं देव आणि भक्त यांच्यामध्यें दलाल नको. अपराधी आणि जिच्यावर अन्याय झाला ती बाई, यांच्यामध्येंहि आम्हांस दलाल नको. मग तो टेलिव्हिजनवाला असो, नाहींतर मतपेटी असो.

पश्चात्ताप कसा असतो याचें एक उदाहरण विलायतेंत आहे. जॉन प्रोफ्युमो हा तेथील युद्धमंत्री. १९६३ च्या मार्चांत एका तरुण बाईच्या प्रकरणीं तो पार्लमेंटांत खोटें बोलला, आणि जूनमध्यें तें कबूल करून पद सोडलें. त्यानें पुन्हां कधीं मत मागितलें नाहीं. लंडनच्या पूर्वेकडील गरीब वस्तींत टॉयन्बी हॉल म्हणून संस्था आहे, तेथें गेला आणि हलक्यासलक्या कामापासून आरंभ करून जवळजवळ चाळीस वर्षें तेथेंच राबला. २००६ सालीं वारला. तो घरचा श्रीमंत होता, त्याला पगाराची ददात नव्हती, हें खरें. तरी त्याचा मान आम्ही कमी करीत नाहीं. १९७५ सालीं त्याला सरकारी किताब मिळाला. त्याच प्रकरणांतली ती बाई, क्रिस्टीन कीलर, एकवीस वर्षांची होती. तिनें दुसऱ्या एका खटल्यांत खोटी साक्ष दिली म्हणून डिसेंबर १९६३ मध्यें तिला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. प्रोफ्युमो पार्लमेंटांत खोटें बोलला, त्याबद्दल त्याला तुरुंग झाला नाहीं.