इशारा दिला, पण पोहोचला का?

बालाघाट जिल्ह्यातील रामपायली हे चंदन नदीकाठचे गाव तेथील राममंदिरासाठी ओळखले जाते. चंदन पुढे वैनगंगेला मिळते आणि वैनगंगा महाराष्ट्रात उतरते. या नदीवर सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर, तर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द आहे. नदी एकच, परंतु दोन्ही धरणांचे दरवाजे दोन वेगळ्या राज्यांच्या हाती आहेत.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस याची किंमत पूर्व विदर्भाने मोजली. मध्य प्रदेशातील अतिवृष्टीनंतर संजय सरोवरातून विसर्ग झाला, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरात पाणी शिरले. धरणांच्या भिंती शाबूत होत्या. प्रश्न उपस्थित झाला तो दोन राज्यांतील समन्वयाचा.

धरणाच्या सुरक्षेचा विचार करताना स्थापत्य अभियंता पाझर तपासतो, यांत्रिकी अभियंता दरवाजे पाहतो, जलशास्त्रज्ञ पुराचे गणित मांडतो आणि महसूल विभाग गावांची यादी करतो. प्रत्येकाचा अहवाल अचूक असूनही एकत्रित निष्कर्ष चुकू शकतो. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. एका कार्यालयाने आकडा एका एककात कळवला आणि दुसऱ्याने तो दुसऱ्यात वाचला, तर पूर कागदावर ३५ पटींनी लहान किंवा मोठा होतो. शिवाय, कोणता पूल किती वाजता पाण्याखाली जाईल हे सांगितल्याशिवाय तहसीलदाराला त्या आकड्याचा उपयोग नाही.

३० डिसेंबर २०२१ रोजी लागू झालेल्या धरण सुरक्षा कायद्याने ही उणीव ओळखली आहे. आपत्कालीन कृती आराखडा तयार करताना आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांशी आणि बाधित होऊ शकणाऱ्या लगतच्या धरणांच्या मालकांशी विचारविनिमय करणे त्याने बंधनकारक केले. जुन्या धरणांसाठीची पाच वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते.

गोव्याला हा विषय परका नाही. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प. धरण दोडामार्ग तालुक्यात, तर त्याच्या विसर्गाची धास्ती साळ, इब्रामपूर परिसराला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती खरी ठरली.

म्हणूनच आराखडा किती पानांचा आहे, याला फारसा अर्थ नाही. इशारा कोणी द्यायचा, कोणत्या एककात द्यायचा, त्याची पोच कोणी द्यायची आणि पोच न आल्यास पुढचा दूरध्वनी कोणाला करायचा, याची उत्तरे त्यात हवीत. पावसाळ्यापूर्वी दोन्ही राज्यांनी एकत्र बसून त्याची रंगीत तालीमही घ्यायला हवी. पाणी सीमेवर थांबत नाही. निरोपही तेथे अडता कामा नये.