खासदारांच्या हातचे तीस दिवस

संसदेतील शुक्रवारची दुपार ही खासदारांची स्वतःची दुपार मानली जाते. सरकारी कामकाज बाजूला ठेवून अडीच तास खासगी विधेयके आणि ठराव यांना दिले जातात. ५ डिसेंबर २०२५ च्या अशाच शुक्रवारी महाराष्ट्रातील दोन खासदारांनी लोकसभेत मांडलेल्या विधेयकांचा विषय एकाच कुळातला होता. कल्याणचे श्रीकांत शिंदे यांनी 'डीपफेक'ला आळा घालणारे विधेयक मांडले. एखाद्याचा चेहरा वा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवून वापरायचा असेल तर त्याची पूर्वसंमती हवी, असे ते सांगते. बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी कामाची वेळ संपल्यानंतर कार्यालयाचे फोन आणि ई-मेल नाकारण्याचा हक्क कर्मचाऱ्याला देणारे विधेयक मांडले. २०१८ मध्येही त्यांनी ते मांडले होते आणि ते लोकसभेबरोबरच बारगळले होते.

एक सत्ताधारी आघाडीतील, एक विरोधी पक्षातील. दोन्ही विषय शहरी मध्यमवर्गाच्या रोजच्या जगण्याला भिडणारे. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत मथळे आले, समाजमाध्यमांवर स्वागत झाले. पण संसदेचा इतिहास ठाऊक असलेल्यांना पुढचे भवितव्यही ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर आजवर अवघ्या १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातले शेवटचे १९७० मधले. मग अशा विधेयकांना अर्थ काय? आणि त्याहून मोठा प्रश्न, डिजिटल भारताचे नियम ठरतात तेव्हा आपण निवडून दिलेला खासदार नेमका कुठे असतो?

डीपफेकचेच उदाहरण पुढे नेऊ. शिंदे यांचे विधेयक लोकसभेच्या दप्तरात पडून असतानाच १० फेब्रुवारी २०२६ रोजी केंद्र सरकारने याच विषयावरील नियम अधिसूचित केले. कृत्रिमरीत्या घडवलेल्या मजकुरावर तशी खूण हवी, हे त्यांत आले. न्यायालय वा सरकारी यंत्रणेचा आदेश मिळाल्यावर मजकूर हटवण्यासाठी कंपन्यांना असलेली ३६ तासांची मुदत ३ तासांवर आली. या नियमांची गरज कोणी नाकारणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने ध्वनिफिती फिरल्या होत्या. हे आवाज आपले नव्हेत, असे दोघांनीही सांगितले, सुळे यांनी तक्रारही केली. पण मतदान काही तासांवर आलेले असताना खुलासा किती जणांपर्यंत पोहोचणार? तेव्हा वेगाने कारवाई हवी, हे खरेच. मात्र ३ तासांत काय हटवायचे आणि काय ठेवायचे हे ठरवताना कंपनी चूक टाळण्यासाठी सरसकट हटवण्याकडेच झुकणार, ही भीतीही तितकीच खरी आहे. व्यंगचित्र, विडंबन आणि टीका यांचे काय? हा प्रश्न नागरिकाच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा आहे. त्याचा निकाल सभागृहात लागला नाही, तो राजपत्रात लागला.

यात बेकायदा काहीच नाही. संसद चौकट ठरवते आणि तपशील सरकार नियमांनी भरते, ही जुनी पद्धत आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, म्हणजे 'फेसबुक'चा जन्म होण्यापूर्वीचा. त्यानंतर जे जे नवे आले ते बहुतेक नियमांच्या खुंटीवर टांगले गेले. मात्र याच कायद्याच्या ८७ व्या कलमात खासदारांच्या हाती एक हत्यार आहे. केंद्राने केलेला प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवावा लागतो. या मुदतीत, किंवा त्यानंतरच्या लगतच्या अधिवेशनाच्या समाप्तीपर्यंत, दोन्ही सभागृहांनी ठरवले तर नियम बदलतो वा रद्द होतो. एरवी हे नियम कागदपत्रांच्या गठ्ठ्यात पटलावर ठेवले जातात आणि कोणी मान वर करून पाहत नाही.

एका खासदाराने पाहिले होते. केरळचे माकपचे राज्यसभा सदस्य पी. राजीव यांनी मध्यस्थ कंपन्यांसाठीचे एप्रिल २०११ चे नियम रद्द करावेत, असा प्रस्ताव मांडला. १७ मे २०१२ रोजी त्यावर चर्चा झाली. कायद्याने न दिलेला अधिकार नियमांच्या आडून घेतला जात आहे आणि कोणाच्याही तक्रारीवरून मजकूर काढायला लावणे ही खासगी सेन्सॉरशिप आहे, हा त्यांचा मुद्दा होता. वैचारिकदृष्ट्या दुसऱ्या टोकाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली त्यांच्या पाठीशी उभे राहिले. इंटरनेट असते तर १९७५ ची आणीबाणी फसली असती, असे जेटली त्या चर्चेत म्हणाले. प्रस्ताव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. पण तत्पूर्वी मंत्री कपिल सिब्बल यांना सदस्यांशी आणि संबंधितांशी चर्चा करण्याचे आश्वासन द्यावे लागले. मार्च २०१३ मध्ये खात्याने खुलासा काढला की, ३६ तासांची अट तक्रारीची दखल घेण्यासाठी आहे, मजकूर हटवण्यासाठी नव्हे. हरलेल्या प्रस्तावाने एवढे पदरात पाडले.

त्याच वर्षाच्या अखेरीस विषय महाराष्ट्राच्या दारात आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी 'फेसबुक'वर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये एका तरुणीला आणि तो मजकूर 'लाइक' केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. कलम ६६ अ या तरतुदीचे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले. ही तरतूद आली कशी? मुंबईवरील हल्ल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा २२ डिसेंबर २००८ रोजी गोंधळात, चर्चेविना लोकसभेने ती मंजूर केली आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने. 'त्रासदायक' वा 'अत्यंत आक्षेपार्ह' म्हणजे काय, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये राजीव यांनी खासगी ठराव आणून तो विचारला. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संदिग्धतेच्या कारणावरून हे कलम रद्द केले आणि मध्यस्थ कंपन्यांच्या नियमांनाही मर्यादा घातली. न्यायालयीन आदेश वा सरकारी सूचनेखेरीज नुसत्या तक्रारीवरून मजकूर हटवण्याचे बंधन उरले नाही. सभागृहाने जे काम काही तासांत करायचे, ते न्यायालयाला सहा वर्षांनी करावे लागले. दरम्यान ज्यांना अटक झाली त्यांचे दिवस कोण परत करणार?

हा धडा आपण गिरवला का? वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याची कहाणी पाहावी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले आणि तिने दोन वर्षे खपून डिसेंबर २०२१ मध्ये ८१ दुरुस्त्या सुचवल्या. जयराम रमेश, मनीष तिवारी, महुआ मोईत्रा, अमर पटनाईक आदींनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. सरकारी यंत्रणांना दिलेली सूट हा त्यांतला कळीचा मुद्दा होता. संसदीय कामाचा हा उत्तम नमुना. पण ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतले. वर्षभराने नवे विधेयक आले ते समितीकडे गेलेच नाही. ३ ऑगस्ट २०२३ रोजी मांडले, ७ रोजी लोकसभेत मंजूर, ९ रोजी राज्यसभेत मंजूर. मणिपूरवरून चाललेल्या गोंधळात लोकसभेने त्याला तासभरही दिला नाही, आणि राज्यसभेत विरोधक सभात्याग करून गेले होते. दोष एकट्या सरकारच्या माथी मारून चालणार नाही. रिकाम्या बाकांवरून दुरुस्ती सुचवता येत नाही.

या घाईची किंमत ४४ व्या कलमात दडली आहे. त्याने माहिती अधिकार कायद्यातील ८ (१) (जे) हे उपकलम बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक लोकहित आहे का, हे अधिकाऱ्याला तिथेच तपासावे लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हणणे पुरते. आणखी एक ओळ गेली. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे जुना कायदा सांगत होता. नागरिकाला खासदाराच्या बरोबरीने बसवणारी ती ओळ होती. लोकहिताची वाट कलम ८ (२) मध्ये अजून खुली आहे, असे सरकार म्हणते आणि ते चुकीचे नाही. पण तो अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेला मार्ग आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. माहिती अधिकाराच्या चळवळीचे एक माहेरघर असलेल्या महाराष्ट्रातून किती खासदारांनी ती ओळ वाचवण्यासाठी मतविभागणी मागितली? कायदा आवाजी मतदानाने झाला, त्यामुळे कोण कुठे उभे होते याची नोंदच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगच्या विधेयकाचेही तेच झाले. २० तारखेला मांडले आणि त्याच दिवशी लोकसभेने मंजूर केले, २१ ला राज्यसभेने, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैशांच्या खेळांनी घरे उद्ध्वस्त होत होती, हे मान्य. पण बँका, जाहिराती आणि हजारो नोकऱ्या यांना स्पर्श करणारा कायदा तीन दिवसांत होतो, तेव्हा तो न्यायालयाच्या पायरीवर पोहोचणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले, असे 'पीआरएस'ची आकडेवारी सांगते.

खासदाराची अडचणही समजून घ्यायला हवी. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडणे म्हणजे सदस्यत्व गमावणे झाले आहे. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेसारखा गुंतागुंतीचा विषय समजावून देणारे संशोधन साहाय्य बहुतेकांकडे नाही. तरीही एकटा सदस्य किती करू शकतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये २०२५ साली दिसले. लॉर्ड्स सभागृहातील अपक्ष सदस्य, चित्रपट दिग्दर्शिका बीबन किड्रन यांनी एक दुरुस्ती लावून धरली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी कोणाचे साहित्य वापरले ते जाहीर करावे, ही त्यांची मागणी. सभागृहाने ती पुन्हा पुन्हा मान्य करून विधेयक परत पाठवले. अखेर त्या हरल्या, पण कॉपीराइटवर अहवाल आणि आर्थिक परिणामांचे मूल्यमापन संसदेपुढे ठेवण्याचे बंधन सरकारला कायद्यातच स्वीकारावे लागले. लॉर्ड्स निवडणूक लढवत नाहीत आणि त्या पक्षरहित आहेत, हा फरक आहेच. पण राजीव यांच्यावर तर पक्षाचा शिक्का होता.

आपल्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळा कायदा आणण्याचा विचार नाही, असे सरकारने एप्रिल २०२३ मध्ये लोकसभेत लेखी उत्तरात सांगितले. नोव्हेंबर २०२५ मधील मार्गदर्शक तत्त्वांचा सूरही तोच, आहेत ते कायदे पुरेसे आहेत. नवे तंत्रज्ञान फुलण्याआधीच त्याला जखडू नये, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण त्याचा सरळ अर्थ असा की, यापुढेही निर्णय नियमांतून, सूचनापत्रांतून आणि मार्गदर्शक तत्त्वांतून होत राहतील. मार्च २०२४ मध्ये चाचणी न झालेल्या प्रारूपांसाठी सरकारी परवानगी घ्यावी, असे सूचनापत्र निघाले आणि पंधरवड्यात मागेही घेतले गेले. दोन्ही वेळा सभागृहाला विचारण्याची गरज पडली नाही. विधेयकच येणार नसेल तर विधेयकावरील चर्चेची वाट पाहणारा खासदार वाटच पाहत राहील.

म्हणूनच खासगी विधेयके मांडणाऱ्या खासदारांचे अभिनंदन करून थांबता येणार नाही. विधेयकाने विषय पटलावर येतो, ते मोलाचे आहे. पण खरी कसोटी कंटाळवाण्या कामाची आहे. पटलावर ठेवलेला नियम वाचणे, तीस दिवसांची मुदत संपण्यापूर्वी दुरुस्तीची सूचना देणे, स्थायी समितीत अधिकाऱ्यांना बोलते करणे आणि वेळ येताच मतविभागणी मागणे, यात मथळा नसतो. राजीव यांचा प्रस्ताव हरला, तरी त्यामागे एक नोंद राहिली, मंत्र्याचे एक आश्वासन राहिले आणि सरकारला आपला नियम पुन्हा वाचावा लागला. आपल्या मतदारसंघाचा खासदार भेटला की आपण रस्ते, पाणी आणि लोकल गाड्यांविषयी विचारतो. ते विचारलेच पाहिजे. पण त्यासोबत एवढेही विचारावे, की फेब्रुवारीतले ते नियम आपण वाचलेत का?