बाटलीत काय आहे?

होमिओपॅथीवरचा वाद आपल्याकडे नेहमी अनुभवाच्या दाखल्यांवर येऊन अडतो. ‘मला गुण आला’ असे एकाने म्हणावे, ‘सारे थोतांड’ असे दुसऱ्याने. बाटलीत नेमके काय आहे, हा साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक खुद्द हानेमान हा असाच प्रश्न विचारणारा रसायनज्ञ होता. आंबट द्राक्षमद्य गोड करण्यासाठी व्यापारी त्यात शिशाचा क्षार मिसळीत. ती भेसळ ओळखण्याची कसोटी त्याने १७८८ साली प्रसिद्ध केली. पुढे १८०० साली त्याने ‘न्यूम’ नावाचा नवा क्षार शोधल्याचे जाहीर केले व तो विक्रीसही आला. बर्लिनच्या रसायनज्ञांनी पृथक्करण केले, तेव्हा तो निव्वळ टाकणखार निघाला! हानेमानला चूक मान्य करावी लागली. नामवंताच्या शब्दापेक्षा परीक्षानळी मोठी, हा धडा असा होमिओपॅथीच्या जनकाच्याच चरित्रात आहे.

ती परीक्षानळी आज काय सांगते? ‘३० सी’ शक्तीचे औषध म्हणजे मूळ द्रव्य दर खेपेस शंभरपट, असे तीस वेळा विरल केलेले. बाराव्या खेपेनंतरच त्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. उरते ती साखर किंवा अल्कोहोल. उलट, कमी विरल औषधांत विष शिल्लक असू शकते. दात येणाऱ्या बालकांसाठीच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचे प्रमाण लेबलावरील आकड्याहून कधी कधी कितीतरी अधिक असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली जाहीर केले.

‘गरिबांचे स्वस्त औषध’ म्हणून आपण समाजवादी मंडळी याकडे काणाडोळा करतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद फसवा आहे. ज्या वस्तूचा खरेपणा ग्राहकाला स्वतः पारखता येत नाही, तिच्या बाजारात विक्रेत्याचेच फावते. शिवाय औषधाची खरी किंमत बाटलीवर छापलेली नसते. ती लांबलेल्या दुखण्यात आणि बुडालेल्या रोजात मोजावी लागते.

म्हणून मागणी दुहेरी हवी. मूळ द्रव्य किती उरले आहे, हे लॅटिन नावाआड न दडवता मराठीत, साध्या आकड्यांत लेबलावर छापले जावे. सरकारी प्रयोगशाळांनी ते तपासून निष्कर्ष जाहीर करावेत. त्याचबरोबर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर व औषधे असलीच पाहिजेत. दुसरी मागणी सोडून केवळ पहिली करणे म्हणजे गरिबाच्या हातची गोळी काढून घेऊन तो हात रिकामा ठेवणे होय.