जुनीं नाणीं आणि नवा लोभ

जुन्या वस्तूंची ओढ मनुष्यास उपजतच असते, आणि ती ओढ वाईट नव्हे. आजोबांच्या पेटींत सांपडलेलें काळवंडलेलें नाणें हातीं आलें असतां, हें कोणीं पाडलें, केव्हां पाडलें, त्यानें बाजारांत काय मिळत असे, असे प्रश्न मुलाच्या मनांत उभे राहतात. परंतु अलीकडे या सर्वांच्या आधीं निराळाच प्रश्न ऐकूं येतो: याचे किती येतील?

नाण्यांचा व नोटांचा संग्रह करण्याची आवड सध्यां घरोघर पसरली आहे, याचा आम्हांस आनंदच वाटता. पण तिच्यामागें बहुधा विद्येची नव्हे, तर सोडतीची आशा असते. वैष्णोदेवीचें चित्र असलेलें पांच रुपयांचें नाणें, किंवा ७८६ या अंकांची नोट, लाखो रुपयांस विकली जाते अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. आणि त्यांस भुललेल्या माणसाकडून 'आधीं शुल्क भरा' म्हणून पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नांवानेंही ही फसवणूक होऊं लागली, तेव्हां २०२१ सालीं त्या बँकेस जाहीर करावें लागलें कीं, अशा व्यवहारांशीं आपला कांहीं संबंध नाहीं व त्यांसाठीं आपण कोणाकडूनही शुल्क मागत नाहीं.

नाणें दुर्मिळ कशानें होतें, हें समजलें म्हणजे असा मोह पुष्कळसा ओसरतो. केवळ वय झालें म्हणून नाण्यास मोल येत नाहीं. महायुद्धांत तांबें वांचविण्यासाठीं १९४३ पासून पाडलेला भोकाचा पैसा आज कितीतरी घरांत आहे. म्हणून त्यास मोठी किंमत नाहीं. उलट, १९४० पासून रुपयांतील चांदीचें प्रमाण शेंकडा ५० वर आलें, आणि त्याच्या आदल्या वर्षींचे, म्हणजे १९३९ चे, जुन्या कसाचे रुपये फारच थोडे उरले. म्हणून संग्राहक ते शोधीत फिरतात.

मोठ्या रकमेच्या नोटांची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. रिझर्व्ह बँकेनें १९३८ सालीं दहा हजार रुपयांची नोट काढली. सामान्य गृहस्थास तिचें दर्शनही दुर्लभ होतें. जानेवारी १९४६ मध्यें ती रद्द झाली; १९५४ सालीं पुन्हां निघाली; आणि जानेवारी १९७८ मध्यें एक हजार व पांच हजारांच्या नोटांसह पुन्हां रद्द झाली. पुढें ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं ५०० व १००० च्या त्या वेळच्या नोटांचीही तीच गत झाली. सकाळीं ज्या कागदासाठीं माणसें जिवापाड धडपडत होतीं, तो रात्रीं केवळ कागद उरला. धनाच्या अस्थिरतेचा याहून स्पष्ट पाठ कोणत्या शिक्षकानें द्यावा?

तर मग नाण्याचें खरें मोल कोणतें? नाशिकजवळ जोगलटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांहून अधिक रुपेरी नाणीं सांपडलीं. तीं क्षहरात नहपानाचीं होतीं. परंतु त्यांपैकीं सुमारें नऊ हजार नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि यानें आपला ठसा पुन्हां उमटविला होता. गौतमीपुत्रानें क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असें नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतो. त्या शब्दांस या नाण्यांनीं साक्ष दिली. तीं नाणीं सांपडतांच कोणीं वितळवून टाकलीं असतीं, तर चार दागिने झाले असते आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचें एक पान कायमचें गेलें असतें.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, संग्रह अवश्य करा, परंतु नाणें वाचावयास शिका. शिवराईवरील 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' हीं अक्षरें स्वतः लावून वाचण्यांत जो आनंद आहे, तो दलालाच्या भावांत नाहीं. नाणें चिंचेनें किंवा राखेनें घासूं नका. त्यानें झळाळी येते, पण अक्षरें झिजतात. प्रत्येक नाण्याची नोंद वहींत ठेवा.

आणि पालकांस विनंती अशी कीं, कायद्याकडेही लक्ष असावें. १८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें निखात धन जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें. २०१६ सालीं रद्द झालेल्या नोटा दहापेक्षां अधिक बाळगण्यास २०१७ च्या कायद्यानें मनाई आहे. अभ्यासासाठीं ही मर्यादा पंचवीस आहे.

घरांत जुनें नाणें निघालें, तर तें मुलाच्या हातीं द्यावें व त्याची हकीकत सांगावी. त्याची किंमत मुलाच्या कानीं आधीं पडली, तर त्याच्या प्रश्नांचा झरा तेथेंच आटेल. हकीकत आधीं पडली, तर तें नाणें कधींही विकलें न जातां त्या घरास श्रीमंत करील.