नागपूर जवळ, तिकीट लांबचं

पुण्याहून नागपूर हवाई अंतराने साधारण 600 किलोमीटर. दिल्ली साधारण 1150. दिल्ली जवळजवळ दुपटीने लांब आहे. पण हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कोणालाही विचारा, या दोन तिकिटांत दुपटीचा फरक तुला कधी दिसलाय का? ऐन सणाच्या आठवड्यात तर नागपूरचं तिकीट दिल्लीच्या बरोबरीला येऊन बसतं. घर राज्यातच आहे, तरी घरी जायला परराज्यात जाण्याएवढे पैसे लागतात.

हा प्रश्न हिंजवडीचा आहे असं मी म्हणतो त्याला कारण आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फेज वनपासून फेज थ्रीपर्यंत रोज कामाला येणाऱ्यांत अमरावती, वर्धा, यवतमाळ, अकोला, जळगाव, नांदेड इथली मुलं-मुली मोठ्या संख्येने आहेत. वाकड, मारुंजी, माण इथे भाड्याने राहायचं आणि दिवाळीला, लग्नकार्याला, आईबाबांच्या आजारपणात गावी धावायचं, असं त्यांचं वर्ष जातं. ऑफिसच्या कामाने बंगळूरु-हैदराबादला जाणाऱ्याचं तिकीट कंपनी काढते. घरी जाणाऱ्याचं तिकीट त्याच्याच पगारातून निघतं. म्हणून कमी पल्ल्याच्या भाड्याची झळ सगळ्यात जास्त यांना बसते.

पर्याय नाहीत असं नाही. ऑगस्ट 2025 पासून पुणे ते नागपुरातल्या अजनीपर्यंत वंदे भारत धावते. 881 किलोमीटर आणि सुमारे बारा तास. गरीबरथ आहे, आझाद हिंद आहे, रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत. पण दिवाळीच्या तोंडावर रेल्वेची वेटिंग लिस्ट कुठवर जाते ते सगळ्यांना माहीत आहे. आणि ज्याच्या हातात शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ एवढाच वेळ आहे, त्याचे दोन्ही बाजूंचे बारा-बारा तास गाडीत गेले तर घरी उरतं काय?

आता विमान कंपन्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण तिच्यात तथ्य आहे. विमानाचा खर्च किलोमीटरवर सरळ वाढत नाही. उड्डाण आणि चढण यांत इंधन सर्वाधिक दराने जळतं. एकदा उंची गाठली की पुढचा प्रवास तुलनेने स्वस्तात होतो. लांबच्या पल्ल्यात हा चढणीचा खर्च दोन-अडीच तासांवर पसरतो, नागपूरच्या फेरीत तो सव्वा तासातच वसूल करावा लागतो. उतरण्याचं शुल्क, विमान उभं करण्याचा खर्च, सामान चढवणारी माणसं, शिडी, साफसफाई हे सगळं दोन्ही फेऱ्यांना सारखंच. शिवाय छोट्या फेरीत विमान दिवसातला जास्त वेळ जमिनीवर उभं असतं, आणि उभं विमान कमावत नाही.

तिकिटाचा तपशील उघडून पाहिला तरी हे दिसतं. मोबाइलवर ‘फेअर ब्रेकअप’वर बोट ठेवलं की खाली रांग उलगडते: मूळ भाडं, विमानतळ विकास शुल्क, विमान सुरक्षा शुल्क, प्रादेशिक जोडणीचं शुल्क, जीएसटी. यातलं सुरक्षा शुल्क एप्रिल 2021 पासून देशांतर्गत प्रवाशाला 200 रुपये आहे. तुम्ही गोव्याला जा की गुवाहाटीला, 200 म्हणजे 200. विमानतळ शुल्कही तुम्ही कुठून उडता यावर ठरतं, किती लांब जाता यावर नाही. म्हणजे तिकिटाचा एक ठोक भाग असा आहे की जवळच्या प्रवाशाला तो प्रमाणाबाहेर जड जातो. त्यात प्रवाशाचा स्वतःचा खर्च मिळवा. फेज टूमधून लोहगावच्या विमानतळावर जायला वाकड, औंध, खडकी, विश्रांतवाडी असा शहराचा एक टोक ते दुसरं टोक प्रवास करावा लागतो. संध्याकाळी निघालात तर दीड तास धरूनच चाला. कॅबचं भाडं आणि दोन तास आधी पोचण्याचा नियम दिल्लीवाल्याला तोच आणि नागपूरवाल्यालाही तोच.

तेव्हा जवळच्या मार्गावर दर किलोमीटरमागे भाडं जास्त असणार, हे मान्य. प्रश्न आहे किती जास्त असावं हा. आणि याचं उत्तर शोधायला आपल्याकडे सरकारी आणि कंपन्यांचेच आकडे आहेत.

पहिला आकडा इंडिगोचा. ऑक्टोबर 2023 मध्ये विमानाचं इंधन महागलं म्हणून या कंपनीने तिकिटावर वेगळा इंधन आकार लावला आणि अंतराप्रमाणे त्याचे टप्पे जाहीर केले. 500 किलोमीटरपर्यंत 300 रुपये, 501 ते 1000 पर्यंत 400, 1001 ते 1500 पर्यंत 550. जानेवारी 2024 मध्ये तो काढून टाकला. हा काही इंधनाचा पूर्ण खर्च नव्हता, वाढीव बोजा होता. पण लांब आणि जवळ यांचं परस्परांशी नातं कंपनी कसं धरते हे त्यात उघड झालं. नागपूरला 400 आणि दिल्लीला 550. किलोमीटरमागे नागपूरला साधारण 67 पैसे, दिल्लीला 48. फरक आहे, पण रास्त आहे.

दुसरा आकडा करोनाकाळातला. मे 2020 मध्ये विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा केंद्राने उड्डाणाच्या वेळेप्रमाणे सात गट पाडून किमान आणि कमाल भाडं ठरवलं. 40 मिनिटांच्या आतल्या प्रवासाला 2,000 ते 6,000 रुपये, आणि तीन ते साडेतीन तासांच्या प्रवासाला 6,500 ते 18,600. वेळ पाचपट वाढला तरी भाडं तिपटीच्या आसपासच. हे बंधन ऑगस्ट 2022 च्या अखेरीस उठलं.

तिसरा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या ड्युटीच्या नव्या नियमांवरून इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, देशभर फेऱ्या रद्द झाल्या आणि उरलेल्या फेऱ्यांची तिकिटं आकाशाला भिडली. 6 डिसेंबरला सरकारने कमाल भाडं बांधून दिलं, कर आणि विमानतळ शुल्क वगळून. 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1000 पर्यंत 12,000, 1500 पर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000. हे पुण्याला लावून पाहा. गुवाहाटी साधारण 2000 किलोमीटर, म्हणजे कमाल दर किलोमीटरला 9 रुपये. दिल्लीला 13. आणि नागपूरला तब्बल 20! हैदराबाद 500 च्या सीमेवरच आहे, ते खालच्या गटात बसलं तर दर 15 रुपये. म्हणजे हैदराबादहून शंभरेक किलोमीटरच लांब असलेल्या नागपूरकराची मर्यादा एकदम साडेचार हजारांनी वर. घाईत पाडलेल्या 500-500 च्या मोठ्या टप्प्यांचा हा दोष आहे, आणि त्याचा फटका नेमका राज्यातल्या राज्यात जाणाऱ्याला बसतो.

त्या आठवड्यात हाल झालेल्यांना या मर्यादेचा आधार मिळाला, त्याबद्दल सरकारचं श्रेय काढून घ्यायचं नाही. पण मर्यादा लावता येते, एका दिवसात लावता येते, हे त्यातून सिद्ध झालं. मग दर दिवाळीला, दर उन्हाळी सुट्टीला प्रवाशाने हात जोडून का बसावं?

कंपन्या म्हणतात, मागणी वाढली की भाव वाढणारच. विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात, स्वस्त गट आधी संपतो, उशिरा येणाऱ्याला महाग गटातली जागा मिळते. हे गणित जिथे चार-पाच कंपन्या एकमेकींशी झुंजतात तिथे प्रवाशाच्या फायद्याचंही ठरतं. दिल्लीच्या मार्गावर ते तसं ठरतं. पुण्याहून दिल्लीला दिवसभर विमानं आहेत, एकीने भाव चढवला तर दुसरी आहे. जवळच्या मार्गांवर फेऱ्या मोजक्या आणि पर्यायी कंपनी एखाद-दुसरी. जेट एअरवेज 2019 मध्ये बंद पडली, गो फर्स्ट 2023 मध्ये, विस्तारा 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली. आज देशातल्या दर पाच प्रवाशांपैकी तीनहून अधिक एकाच कंपनीच्या विमानात बसतात. अशा बाजारात ‘मागणी-पुरवठा’ म्हणणं म्हणजे अर्धंच सांगणं. पुरवठ्याची नाडी कोणाच्या हातात आहे, ते उरलेलं अर्धं.

पुण्याच्या बाबतीत पुरवठ्याला आणखी एक गाठ आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. नागरी विमानांना मिळणारे स्लॉट त्यामुळे मोजके. जुलै 2024 मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, बसायला जागा झाली, पण धावपट्टी तीच आणि एकच. मोजके स्लॉट असले की कंपनी ते जास्त उत्पन्नाच्या मार्गाला देते. नागपूर-जळगावच्या वाट्याला उरलंसुरलं. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, तिच्या भरवशावर कोणी या दिवाळीचं तिकीट काढू शकत नाही. नवी मुंबईचा विमानतळ मात्र 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला. हिंजवडीकराला किवळ्याला द्रुतगती मार्ग लागतो आणि कळंबोलीला संपतो, त्यामुळे हा पर्याय खरा आहे. पण शंभरेक किलोमीटर रस्त्याने जाऊन मग नागपूरला उडायचं, यात घाटातली कोंडी धरली तर वाचलेला वेळ गेलाच.

जवळच्या पल्ल्याला खरं उत्तर आहे ते छोट्या विमानांचं. एटीआर 72 सारखं पंख्याचं विमान सत्तरेक प्रवासी नेतं, वेग कमी, पण कमी अंतरावर इंधनही कमी खातं. गोव्याच्या फ्लाय 91 या कंपनीने अशीच विमानं घेऊन पुण्याहून सिंधुदुर्ग आणि जळगावची सेवा सुरू केली. 2017 च्या उडान योजनेचा मूळ विचारही हाच: तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांवर सुमारे 2,500 रुपये भाडं, तूट सरकारने भरायची. विचार चांगला होता. पण मदतीची मुदत संपली की मार्ग टिकत नाहीत, हे सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाने दाखवलं. ऑक्टोबर 2021 मध्ये गाजावाजाने सुरू झालेली मुंबई-सिंधुदुर्ग सेवा तीन वर्षांनी थांबली. कोकणातल्या माणसाचा विमानावरचा विश्वास असा एकदा उडाला की तो परत मिळवायला वर्षं जातात.

राज्य सरकारही यात नुसतं बघ्याच्या भूमिकेत नाही. विमानाचं इंधन जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो 25 टक्क्यांवरून 18 टक्के केला. जनतेच्या तिजोरीतून दिलेल्या या सवलतीतलं किती तिकिटात उतरलं, ते प्रवाशाला कुठेच दिसलं नाही. पुढची सवलत देताना तरी राज्यांतर्गत फेऱ्या वाढवण्याची अट घाला.

आणि एक उदाहरण तर आपल्याच राज्याचं आहे. खासगी ट्रॅव्हल्सने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक आकारू नये, असा शासन निर्णय एप्रिल 2018 मध्ये झाला. त्याची अंमलबजावणी किती होते यावर मी या सदरात पूर्वी लिहिलंय, ती कमी पडते हेही खरं. पण तत्त्व ठरलेलं आहे: सणासुदीला माणसाला घरी जायचंच असतं, त्या निकडीचा अमर्याद भाव लावू नये. हे तत्त्व चाकांना लागू आणि पंखांना नाही, असं का? संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीनेही 2024 मध्ये मार्गनिहाय कमाल भाड्याचा विचार करा आणि भाड्यांवर देखरेखीसाठी स्वतंत्र यंत्रणा नेमा, असं सुचवलं. सध्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा कक्ष देशातल्या 78 मार्गांच्या भाड्यांवर दरमहा नजर ठेवतो. नजर ठेवणं आणि आळा घालणं यांत अंतर आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. डिसेंबर 2025 ची मर्यादा संकटापुरती न ठेवता सणांच्या आणि सुट्ट्यांच्या आठवड्यांसाठी कायमची करा. टप्पे 500 चे नकोत, 250 चे करा, म्हणजे 600 किलोमीटरवाल्याला 1000 चा भाव द्यावा लागणार नाही. जवळच्या पल्ल्याला दर किलोमीटरमागे जास्त द्या, हरकत नाही, पण दिल्लीच्या दराच्या दीडपटीवर जाऊ देऊ नका. कंपन्यांचा खरा वाढीव खर्च त्यात भागतो, हे त्यांच्याच 2023 च्या इंधन आकारावरून दिसतं.

हे करणारे लोक आपल्या ओळखीचे आहेत. केंद्रात नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री असलेले मुरलीधर मोहोळ पुण्याचेच खासदार आहेत. हिंजवडी ज्या बारामती मतदारसंघात येते तिथल्या खासदार सुप्रिया सुळे इथल्या वाहतूक कोंडीवर सातत्याने बोलत आल्या आहेत. दिवाळीचं तिकीट काढताना त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, भाड्याला अंतराने भागा, शेजारी त्याच दिवशीच्या दिल्लीच्या तिकिटाचा दर लिहा आणि दोघांच्याही कार्यालयाला पाठवा. एअरसेवा पोर्टलवरही तक्रार नोंदवा. हे दिवाळीआधीच करा, दिवाळीनंतर कोणी ऐकत नाही.