बलसाधनेची पहिली पायरी

हरियाणातील पानिपत शहराजवळ काला अंब हे स्थळ आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या तिसऱ्या युद्धाचे स्मारक तेथे उभे आहे. त्या युद्धातील पराभवाची कारणे अनेक सांगितली जातात; परंतु रसद तुटल्यामुळे मराठी सैन्याची उपासमार झाली होती, हे कोणीही नाकारत नाही. शौर्य होते, शस्त्रे होती, पण पोटात अन्न नव्हते. बळ हे केवळ जिद्दीवर उभे राहत नाही, तर त्यामागे पूर्वतयारी लागते, हा या भूमीने दिलेला धडा आहे.

आज हाच परिसर बलवान खेळाडूंसाठी ओळखला जातो. पानिपत जिल्ह्यातील खंद्रा गावचा नीरज चोप्रा लहानपणी स्थूल होता. वजन कमी करण्यासाठी व्यायामाकडे वळलेला हा मुलगा पानिपतच्या शिवाजी स्टेडियममध्ये भालाफेक शिकू लागला आणि २०२१ मध्ये टोकियो येथे ऑलिंपिक सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. शेजारच्या सोनीपत जिल्ह्यातील सुधीर याला बालपणी पोलिओ झाला होता. त्याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत २१२ किलो वजन उचलून पॅरा पॉवरलिफ्टिंगचे सुवर्णपदक मिळवले.

अशी उदाहरणे पाहून अनेक तरुण व्यायामशाळेची वाट धरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांतील कित्येक जण पहिल्याच दिवशी विजेत्याच्या व्यायामाचे वेळापत्रक उचलतात. चूक होते ती येथेच. विजेत्याचे आजचे वेळापत्रक हे त्याच्या अनेक वर्षांच्या साधनेचे फळ असते. नवशिक्याने पाहायला हवे ते त्याचे पहिले वर्ष.

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात : खांद्यांवर वजन घेऊन बैठक मारणे, बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलणे आणि जमिनीवरचे वजन उचलून ताठ उभे राहणे. नवशिक्यासाठी याच तीन क्रिया आठवड्यातून तीन दिवस, पुरेशी विश्रांती घेऊन करणे हिताचे ठरते. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे बळ हे प्रामुख्याने मज्जासंस्था ती क्रिया शिकल्यामुळे वाढते. स्नायू त्यानंतर भरतात. म्हणूनच दर आठवड्याला नवा कार्यक्रम धरणाऱ्याचे शिक्षण पुन्हा पुन्हा पहिल्या इयत्तेतच अडकते.

वजन हळूहळू वाढवावे, हे तत्त्व नवे नाही. तालमीतील वस्तादही नवख्या मुलाला आधी जोर आणि बैठकाच काढायला लावत. १९४० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. थॉमस डेलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना क्रमाक्रमाने वजन वाढवण्याची पद्धत शास्त्रीय रीतीने मांडली. २० किलोंच्या रिकाम्या रॉडने बैठकांचा आरंभ करून दर आठवड्याला अडीच किलो वाढवले, तर बारा आठवड्यांनी ५० किलो होतात. हा वेग कोणाला मंद वाटेल. पण पाठ दुखावून घरी बसणाऱ्याचा वेग शून्य असतो.

‘ध्येय मोठे असेल तर कष्टही मोठे हवेत,’ असे काही जण म्हणतात. ते खरेच आहे. परंतु कष्ट पेलण्याची ताकदही आधी कमवावी लागते. दिवसभर कारखान्यात किंवा शेतात राबणाऱ्या माणसाने रोज दोन तासांचा कार्यक्रम निवडला, तर तो महिनाभरही टिकत नाही. ज्याला डाळ, चणे, दूध, अंडी यांचा पुरेसा खुराक आणि रात्रीची झोप मिळत नाही, त्याला कोणताही कार्यक्रम बळ देऊ शकत नाही. ही उणीव उत्तेजक इंजेक्शनांनी भरून काढू पाहणे म्हणजे आपल्याच शरीराशी वैर धरणे होय.

तेव्हा कार्यक्रम निवडताना तीन प्रश्न विचारावेत. पुढच्या खेपेला किती वजन उचलायचे, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे काय? विश्रांतीचे दिवस ठरलेले आहेत काय? आणि आपले काम, आपले उत्पन्न व आपला आहार यांच्याशी त्याचा मेळ बसतो काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल आणि चुका दाखवणारा जाणकार मार्गदर्शक जवळ असेल, तर साधा कार्यक्रमही उत्तमच होय. त्याची निवड एकदाच करावी आणि तो निदान तीन महिने निष्ठेने पाळावा.